पाचव्या कॅम्पचा धर्म कोणत्या विभागात बसतो?

विद्यापीठात धर्माचा अभ्यास कुठे होतो, असे ठाणे-कल्याणकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला एक पत्ता देता येत नाही. चार-पाच द्यावे लागतात. बुद्ध हवा असेल तर पाली विभागात जा. उपनिषदे हवी असतील तर संस्कृत किंवा तत्त्वज्ञान. जैन विद्या आणि प्राकृत यांचे अभ्यासक्रम निराळे. संत हवे असतील तर मराठी विभाग, नाहीतर पुण्याच्या विद्यापीठातले संत नामदेव अध्यासन. इस्लामकडे जायचे तर बहुधा अरबी, फारसी वा उर्दूच्या दाराने. विद्याविहारच्या सोमय्या संकुलात हिंदू, बौद्ध आणि जैन अध्ययन एकाच आवारात चालते, ही चांगली सोय. पण तिथेही शाखा तीन.

या वाटणीत कोणाला काय मिळाले नाही, याची तक्रार करायला मी बसलेलो नाही. मला या वाटणीचे तत्त्वच तपासायचे आहे. एका धर्माला एक ग्रंथसंचय, एक भाषा, एक संस्थापक किंवा किमान एक परंपरा असते, आणि त्या हिशेबाने एक विभाग काढला की त्या धर्माचा अभ्यास होतो, असे हे तत्त्व आहे. ते कोणी कुठे लिहून ठेवलेले नाही, म्हणूनच ते इतके पक्के आहे. तपासणीसाठी मी उल्हासनगरचा पाचवा कॅम्प घेतो. मी तिथे राहतो, हे एक कारण. निवृत्तीनंतर मुंबईतल्या एका विद्यापीठीय विभागात धर्मविषयक दोन अर्धवेळ अभ्यासक्रमांना मी बसलो आणि लोकलच्या परतीच्या प्रवासात वहीतले वर्गीकरण घरी पोचेपर्यंत टिकत नसे, हे दुसरे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला उल्हासनगर माहीत असते ते जीन्समुळे, फर्निचरमुळे आणि अनधिकृत इमारतींच्या बातम्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ होता. त्याच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला नगराचे रूप मिळाले. लष्कराने दिलेले कॅम्पचे आकडे मात्र आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. पाचवा कॅम्प अंबरनाथच्या अंगाला. विठ्ठलवाडीला उतरून रिक्षा करायची. ज्या स्टेशनच्या नावात विठ्ठल आहे तिथून झुलेलालच्या देवळाकडे शेअर रिक्षा जाते, यात इथे कोणालाच काही विशेष वाटत नाही.

इथला एक दरबार घ्या. नाव देत नाही. का देत नाही ते पुढे येईल. सिंधी लोक अशा जागेला दरबार म्हणतात किंवा टिकाणो म्हणतात. आत शिरल्यावर समोर चांदव्याखाली गुरू ग्रंथसाहेब. बाजूला माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, हातात पोथी घेतलेला झुलेलाल. भिंतीवर राम-सीता, शंकर, दरबारच्या गादीवरच्या साधूंच्या तसबिरी. सकाळी गुरुमुखीतली वाणी, संध्याकाळी आरती. शुक्रवारी किंवा अमावस्येनंतरच्या चंद्रदर्शनाला बहिराणो निघतो: पितळी ताटात कणकेचा दिवा, वाती, वेलची, लवंगा, फुले. तो नाचत-गात पाण्यावर न्यायचा आणि पाण्यालाच द्यायचा. मग सगळे पल्लव घालतात, म्हणजे पदर किंवा उपरण्याचे टोक दोन्ही हातांत पसरून मागणे मागतात. मराठी घरातल्या कोणालाही ही क्रिया समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे पदर पसरणे हा वाक्प्रचार झाला. त्यांच्याकडे तो अजून विधी आहे.

याच कॅम्पात चालिया साहेबांचे मंदिर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चाळीस दिवसांचे व्रत चालते. ठट्ट्याच्या मिरखशाहाने धर्मांतराचा हुकूम काढला, तेव्हा हिंदूंनी सिंधू नदीच्या काठी चाळीस दिवस उपास केला आणि नसरपूरला झुलेलालचा जन्म झाला, अशी कथा. तिथली ज्योत सिंधमधल्या पीरगोठहून आणलेली, असे मंदिरात सांगतात. गावाच्या नावातच पीर आहे. चाळीस दिवसांची साधना सूफींच्या चिल्ल्यातही असते. आणि सिंधमध्ये उदेरोलाल नावाच्या गावी याच देवाचे जे मूळ स्थान मानले जाते, तिथे एकाच कोटाच्या आत समाधी-मंदिर आहे आणि दर्गाही. हिंदू त्याला उदेरोलाल म्हणतात, मुसलमान शेख ताहिर. सुलतानाच्या जुलमातून हिंदूंना सोडवणारा देव आणि मुसलमानांचा पीर हे दोघे एकच, हा आपल्या अभ्यासक्रमांना न सुटणारा पेच. भाविकांनी तो शतकानुशतके वेळा वाटून घेऊन सोडवला आहे.

पलीकडे स्वामी शांतिप्रकाशांचा आश्रम. हा प्रेमप्रकाश पंथाचा. पंथाचे प्रवर्तक स्वामी टेऊंराम (१८८७–१९४२) यांची गादी सिंधमधल्या टंडो आदमला होती. फाळणीनंतर मुख्य स्थान जयपूरला आले. तिथला सूर वेदान्ताचा, भजनाची ठेवण भक्तीची, शिस्त आश्रमाची. म्हणजे एकाच कॅम्पात, चालत जाण्याच्या अंतरावर, नानकपंथी दरबार, झुलेलालचे मंदिर आणि प्रेमप्रकाशी आश्रम. आणि कुटुंबे तिन्हीकडे तीच.

आता हा धर्म कोणत्या विभागात शिकवायचा? ग्रंथसाहेबाकडे पाहिले तर शीख अध्ययन. पण यातले फार थोडे केस राखतात, आणि जनगणनेत बहुतेक जण हिंदू लिहितात. हिंदू अध्ययनात घ्यावे तर त्या अभ्यासक्रमात वेद, पुराणे, आगम, दर्शने. गुरुमुखीतली पोथी त्यात कुठे बसवणार? सिंधीचा स्वतंत्र विभाग मुंबई विद्यापीठात आहे, पण त्याचा विषय भाषा आणि साहित्य. तिथे झुलेलाल लोकगीतात येतो, धर्मात येत नाही.

मी शिकलो त्या वर्गात हा प्रश्न मी विचारला. उत्तर सौजन्याने मिळाले: हा ‘समन्वया’चा नमुना आहे, दहा गुणांच्या प्रकल्पाला घ्या. समन्वय हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. त्यात गृहीत असे की आधी दोन-तीन शुद्ध धर्म स्वतंत्रपणे अस्तित्वात होते, मग कोणी उदार माणसांनी ते एकत्र आणले. पाचव्या कॅम्पातल्या आजीला विचारा, तिने काही एकत्र आणलेले नाही. तिच्याकडे ते असेच आले. वेगळे करण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी केले, आणि ते कधी झाले हे बऱ्यापैकी दाखवताही येते.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. १८८१च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्यात शीख म्हणून नोंदलेले लोक सव्वा लाखाच्या वर आहेत, आणि ते जवळजवळ सगळे सिंधमधले. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, हा आकडा हजाराच्याही खाली येतो. दहा वर्षांत एक लाखावर माणसे धर्म बदलत नाहीत. साथ आली नव्हती, कत्तल झाली नव्हती. रकाना भरण्याचा नियम बदलला होता. नानकाला मानणारा पण केस न राखणारा सिंधी पहिल्या वेळी एका रकान्यात पडला, दुसऱ्या वेळी दुसऱ्या. धर्मशास्त्राच्या प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि मगच पुढे जावे, असे मला वाटते.

याच इलाख्याच्या विद्यापीठाला कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज जोडलेले होते. कॅम्पातल्या पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र मुंबई विद्यापीठाचे असे. निर्वासित होऊन ते आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत आले होते. त्या विद्यापीठाचे एके काळचे कुलगुरू रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ साली वैष्णव, शैव आणि ‘किरकोळ’ पंथांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ मोठा आहे आणि त्याचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायला हवे. पण शीर्षकातला ‘किरकोळ’ हा शब्द पुढच्या शंभर वर्षांची दिशा सांगतो. ज्याला संस्कृत ग्रंथ आहे तो मुख्य. ज्याला नाही तो उरलेला. आपल्या विभागांची वाटणी अजून त्याच तराजूने होते.

आपल्याकडे धर्माचा स्वतंत्र, तौलनिक विभाग का उभा राहिला नाही, याचे ठरलेले उत्तर म्हणजे राज्यघटनेचे २८वे कलम: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि त्याच्या आड पुष्कळ आळस लपला आहे. घटनासमितीत डिसेंबर १९४८ मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा संस्कृत पाठशाळांचे काय, असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी दिलेला खुलासा स्पष्ट आहे: श्रद्धेची शिकवण वेगळी, अभ्यास वेगळा, बंदी पहिलीवर आहे. १९७१ साली अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेला, तेव्हाही नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असाच निकाल आला. त्याआधी, १९६७ पासून, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा विभाग आहे. घटनेला त्याची कधी अडचण झाली नाही.

राधाकृष्णन आयोगाचे काम डिसेंबर १९४८ ते ऑगस्ट १९४९ या काळात चालले. उल्हासनगरची कोनशिला बसली त्याच महिन्यात हा अहवाल पुरा झाला. पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतले निवडक वेचे, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न, अशी त्याची शिफारस होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद करून विद्यापीठांत तौलनिक धर्माचे विभाग असावेत असे सुचवले. कोठारींची सूचना बहुतेक विद्यापीठांनी कपाटात ठेवली. राधाकृष्णन यांची आराखड्यापुरती मानली गेली, आणि तिच्यातच गोम आहे. थोर पुरुष, मग ग्रंथ, मग तत्त्वज्ञान: या तिन्ही पायऱ्यांवर माणसे कुठेच नाहीत. कल्याणच्या बराकीत त्याच ऑगस्टमध्ये ज्यांनी एका कोपऱ्यात ग्रंथसाहेब आणि दुसऱ्या कोपऱ्यात ज्योत मांडली, त्यांना या आराखड्यात कोणत्याच वर्षी जागा नव्हती.

विभागांच्या कार्यक्रमांबद्दल थोडे. मी गेल्या काही वर्षांत धर्मविषयक चर्चासत्रांना नेमाने जातो आणि पत्रिका जपून ठेवतो. या पत्रिका हा वाङ्मयप्रकार म्हणून वाचण्यासारखा आहे. दीपप्रज्वलन, बीजभाषण, सत्रे, समारोप, प्रमाणपत्रवाटप. विषय आंतरधर्मीय असला की व्यासपीठाची मांडणी ठरलेली: हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, प्रत्येकी एक वक्ता, प्रत्येकी पंधरा मिनिटे. प्रत्येकाने आपला धर्म शांततेचा आहे असे सांगायचे आणि सर्वांनी टाळ्या वाजवायच्या. अशा एका सत्रात एक सिंधी गृहस्थ होते. ते वक्ते नव्हते. जेवणाचा खर्च त्यांनी उचलला होता. शेवटी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांच्या धर्माविषयी कोणी त्यांना काही विचारले नाही, आणि विचारले असते तर सहा खुर्च्यांपैकी कोणत्या खुर्चीवर बसवायचे हा प्रश्न आयोजकांना पडला असता.

अभ्याससहली कान्हेरीला जातात, घारापुरीला जातात, सवड असली तर अजिंठ्याला. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही येतात, कारण ते शके ९८२चे, म्हणजे १०६०च्या सुमाराचे, शिलाहारांचे आणि शिलालेखाचे आहे. बस मंदिराशी थांबते, मुले नटराज आणि गजथर पाहतात, वालधुनीच्या वासाबद्दल बोलतात आणि चारच्या सुमारास परत फिरतात. तिथून पाचवा कॅम्प हाकेच्या अंतरावर आहे. या मंदिराची मोजमापे, चित्रे आणि साचे मुंबईच्या कलाशाळेने १८६८ साली घेतले होते. दगडाची इतकी काळजी घेणारी आपली ज्ञानपरंपरा शेजारच्या जिवंत दरबाराची साधी नोंदवही करू शकलेली नाही.

कोणी म्हणेल, हे काम समाजशास्त्राचे. काही प्रमाणात तसे झालेही आहे. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र मालेत १९५९ साली यू. टी. ठाकूर यांचे सिंधी संस्कृतीवरचे पुस्तक निघाले. आज ते शोधून वाचावे लागते, पण सिंधी हिंदूंच्या घरातला नानक, दर्या आणि पीर यांचा एकत्र वावर त्यात बारकाईने टिपलेला आहे. महाराष्ट्रात जगत्या धर्माचा अभ्यास ज्यांनी केला त्यांची नावे घेतली तरी हेच दिसते. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ लिहिला, तेव्हा त्या मानववंशशास्त्राच्या होत्या. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) आणि ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिले ते कोणत्याही धर्म-विभागाच्या आसऱ्याने नव्हे. धनगरांचा खंडोबा आणि बिरोबा यांच्यामागे गावोगाव हिंडणारे ग्युंथर सोंथायमर हायडेलबर्गचे. धर्म शिकवणाऱ्या विभागांच्या बाहेर महाराष्ट्राच्या धर्माचे उत्तम लेखन झाले, हे या विभागांना अडचणीचे वाटायला हवे होते. वाटल्याचे दिसत नाही.

सिंध्यांच्या बाबतीत हे बाहेरपण अधिक लांबचे आहे. सिंधी हिंदूंना हिंदू, सूफी की शीख म्हणावे, या प्रश्नावर अमेरिकन अभ्यासक स्टीव्हन रेमी यांचे पुस्तक २००८ साली आले. झुलेलाल आणि सिंधच्या सूफी हिंदूंवर फ्रान्सच्या मिशेल ब्वाव्हँ यांनी वर्षानुवर्षे काम केले. दोघांचेही काम मला मोलाचे वाटते. पण कलिना ते विठ्ठलवाडी अंतर लोकलने दीड तासाचे आहे, आणि ते कापायला अलाबामा आणि पॅरिसहून माणसे यावी लागली.

आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणावे तर. आज भारतभर सिंध्यांचे दैवत म्हणून झुलेलालची जी ठसठशीत ओळख आहे, ती फाळणीपूर्वी इतकी ठसठशीत नव्हती. दर्यापंथी लोक त्याचे, नानकपंथी नानकाचे, आणि कितीतरी जण दोघांचे. विखुरलेल्या समाजाला एका नावाखाली आणण्यासाठी गावोगाव झुलेलालची गाणी गात हिंडणारे गृहस्थ होते राम पंजवाणी. लेखक, गायक आणि पेशाने मुंबईच्या जयहिंद कॉलेजात सिंधीचे प्राध्यापक. म्हणजे एका प्राध्यापकाने वर्गाबाहेर एका समाजाचा धर्म नव्याने बांधायला हातभार लावला, तोही गेल्या पाऊणशे वर्षांत, नावागावासकट, साक्षीदार हयात असताना. धर्म कसा घडतो हे शिकवायला याहून सोयीचे उदाहरण कोणत्या देशात मिळेल? आपल्या वर्गांत मात्र धर्म घडण्याचे उदाहरण अजून अलेक्झांड्रियाहून येते.

आता दरबाराचे नाव का दिले नाही, ते. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला काही निहंग शीख सिंधी मंदिरांत गेले. मूर्तींच्या शेजारी गुरू ग्रंथसाहेब ठेवणे हा मर्यादाभंग आहे, एकतर मूर्ती हलवा नाहीतर ग्रंथसाहेब द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर इंदूरच्या सिंधी मंडळींनी आपल्याकडचे ग्रंथसाहेब गुरुद्वाऱ्यात नेऊन सोपवले. वाद फार चिघळला नाही म्हणून वर्तमानपत्रांना तो दोन-चार दिवसच पुरला. शिखांच्या बाजूने पाहिले तर त्यांची मर्यादा त्यांना प्राणाहून प्रिय आहे, आणि तिला गुरूच्या देहाइतके मानणाऱ्याला मूर्तीशेजारचा ग्रंथ खुपणार. ते समजून घेतले पाहिजे. पण ज्या कुटुंबांनी फाळणीत घर, दुकान, शेत टाकून डोक्यावरून फक्त ती पोथी आणली, त्यांना पंचाहत्तर वर्षांनी कळले की ती त्यांची नव्हे. १८९१च्या रकान्याने कागदावर जे केले ते इंदूरला हातांनी झाले.

त्या आठवड्यात आमच्या दरबारातल्या वृद्ध सेवादारांना मी भेटलो. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला ‘मास्तर साईं’. त्यांनी दार लावून घेतले आणि विचारले, “आप तो कॉलेज में धरम पढ़ते हो. वहाँ हमारा क्या लिखा है?” मी वहीत असलेले सांगितले. शीख : संस्थापक, ग्रंथ, पंच ककार. हिंदू : श्रुती, स्मृती, पुरुषार्थ. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “मतलब उन्होंने भी वही लिखा है जो वो लड़के बोल रहे थे.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि विभागाकडे असेल असे वाटत नाही. धर्मांचे कप्पे करून शिकवणारा अभ्यासक्रम निरुपद्रवी असतो, फार तर अपुरा असतो, असे आपण समजतो. परंतु त्या वर्गांतून बाहेर पडलेलेच शिक्षक होतात, पाठ्यपुस्तके लिहितात, वर्तमानपत्रांत लेख लिहितात. एखाद्या दरबारावर वाद उठला की विचारणा त्यांच्याकडेच जाते, आणि ते पुस्तक उघडून सांगतात की खरे तर हे तुमचे नव्हेच. अलीकडे नवे विभागही याच रेषेवर निघत आहेत. बनारसला २०२२ पासून हिंदू अध्ययनाची पदव्युत्तर पदवी आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२४ मध्ये हिंदू, बौद्ध आणि जैन अध्ययनाची तीन केंद्रे जाहीर केली. पैसा येतो तोही त्या त्या समाजाकडून आणि त्या त्या नावावर येतो. दात्याचे चुकत नाही. आपल्या आजोबांच्या धर्माचा अभ्यास व्हावा असे कोणालाही वाटणारच. पण दोन नावांच्या मधल्या जागेला दाता मिळत नाही, आणि सरकारी पैसा जर कशाला असायचा तर तो त्या मधल्या जागेला असायला हवा होता.

माझी सूचना साधी आहे, आणि कोणत्याही विभागाला पुढच्या वर्षी अमलात आणता येईल. एका सत्राचा अभ्यासक्रम धर्मावर न आखता जागेवर आखावा. उदाहरणार्थ, विठ्ठलवाडी ते मलंगगड. त्यात पाचव्या कॅम्पातले दरबार येतील. चौथ्या कॅम्पातली सुभाष टेकडी येईल, जिथे १९५६च्या धम्मदीक्षेचा वारसा घराघरात आहे. तिथला वंदनेचा पाठ आणि पाली विभागातला पाठ एकच असूनही किती वेगळा ऐकू येतो, हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कळेल. अंबरनाथचे मंदिर येईल, शिल्प म्हणून आणि महाशिवरात्रीच्या रांगेसह. आणि शेवटी मलंगगड, जिथे हाजी मलंगबाबांचा दर्गा की मच्छिंद्रनाथांची समाधी, हा वाद १९८०च्या दशकात आनंद दिघे यांच्या आंदोलनापासून तापलेला आहे. जिथली वहिवाट पिढ्यानपिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली. आणि जिथे माघी पौर्णिमेला दोन्ही बाजूंचे लोक चढून जातात. गॅझेटियरच्या जुन्या खंडांपासून न्यायालयीन कागदांपर्यंत साधने हजर आहेत. परीक्षेत विचारायचे तर असे विचारावे: या डोंगरावर कोण कोण कोणत्या वेळी काय करते, आणि त्याला ते स्वतः काय म्हणतात? ‘हा धर्म कोणता’ हा प्रश्न शेवटच्या तासाला ठेवावा. तोवर त्याची घाई संपलेली असेल.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. विभाग कॅम्पात आला, प्रश्नावली घेऊन आला, तर तोही नवा रकानाच भरेल. ‘नानकपंथी’ असा सातवा कप्पा तयार होईल, मग त्याचे अध्यासन, मग त्याचे शुद्ध रूप कोणते यावर वाद. शिवाय अभ्यासकाने छापले की दरबारात काय काय शेजारी शेजारी आहे, ते सगळ्यांना कळते, हरकत घेणाऱ्यांनाही. न पाहिलेला धर्म काही वेळा सुरक्षित असतो. म्हणून मी नाव दिलेले नाही. पण न पाहण्याची दुसरी किंमतही आहे, आणि ती दर वर्षी वाढते. सिंधमध्ये हिंदू घरांतल्या कितीतरी बायका वाणी वाचण्यापुरती गुरुमुखी शिकत. पुरुष अरबी वळणाची सिंधी लिहीत, व्यापारी आपली हटवाणकी. कॅम्पात जन्मलेली नातवंडे इंग्रजी आणि हिंदी वाचतात, मराठी शाळेपुरती. फाळणीत दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीला टेकले आहे. एखाद्या विभागाने पाली आणि प्राकृताच्या जोडीला गुरुमुखी आणि सिंधी लिपी यांचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू केला, तर त्याचा उपयोग व्हायला फार वर्षे उरलेली नाहीत.

बाबांकडे दरबाराच्या सुरुवातीच्या काळातल्या तीन वह्या आहेत. लाल कापडाची बांधणी, शाई बरीचशी उडालेली. कोणी किती पीठ दिले, कोणाच्या घरी कोणत्या दिवशी पाठ ठेवला, चालीह्याला कोण बसले, कोणत्या फकिराला लंगरमध्ये काय वाढले. बाबा त्या सरळ वाचतात. त्यांचा मुलगा, मोबाईलच्या दुकानाचा मालक, पाने उलटत होता तो डावीकडून. बाबांनी वही त्याच्या हातातून घेतली, फिरवली आणि उजवीकडून उघडून परत दिली. मला त्यांनी फोटो काढू दिले. नावांची पाने मात्र हाताने झाकून धरली.